कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टर ‘बाँडेड’ असेल तर किचनसाठी ४० टक्के ॲडव्हान्स द्यावा का?

फ्रीमाँटच्या घरात साठ-पासष्ट हजार डॉलरचं किचन करायचंय, कॉन्ट्रॅक्टर ४० टक्के आगाऊ मागतोय आणि म्हणतोय, ‘राज्याकडे माझा २५ हजारांचा बाँड आहे, पैसे बुडणार नाहीत.’ शिवाय हा बाँड पुरेसा आहे का, हेही तुम्ही विचारलंय.

देऊ नका. इथे होम इम्प्रूव्हमेंटच्या करारावर १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यातली कमी असेल तेवढीच रक्कम आगाऊ घेता येते. तुमच्या कामाला म्हणजे १,००० डॉलर. जो पहिल्याच भेटीत ही मर्यादा मोडायला सांगतो, त्याने बाँडचं नाव पुढे केलं की मला संताप येतो. अशा बाँडवरच्या दाव्यांची कागदपत्रं लावणं हे माझं रोजचं काम आहे.

बाँड म्हणजे विमा नव्हे, जामीन. लायसन्स चालू राहावं म्हणून कॉन्ट्रॅक्टर सीएसएलबीकडे, म्हणजे राज्याच्या लायसन्स बोर्डाकडे, तो भरतो. १ जानेवारी २०२३ पासून रक्कम २५,००० आहे, आधी १५,००० होती. जामीनदार कंपनी तुम्हाला पैसे देते आणि मग कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करते. म्हणून ती प्रत्येक आकडा तपासते. आणि २५ हजार हे तुमच्या एका किचनसाठी नाहीत. त्याची जेवढी कामं चालू असतील, त्या सगळ्यांत मिळून तेवढेच.

एका मराठी कुटुंबाचं प्रकरण सांगतो. करार ६२,०००चा, तीन चेकमध्ये दिलेले ३८,०००. जुनी कॅबिनेटं काढून नेली, सिंकमागची भिंत उघडी, पाण्याचे पाइप टोपण लावून बंद केलेले, परमिटच्या कार्डावर इन्स्पेक्टरची एकच सही. आणि माणूस फोन उचलेना. त्यांनी दावा केला तो ३८,०००चा. तिथेच गाडं अडलं, कारण नुकसान असं मोजत नाहीत. उरलेलं काम दुसऱ्या लायसन्सधारकाकडून पूर्ण करायला किती लागेल, त्याचा कलमवार लेखी अंदाज घ्यायचा. तो आला ४१,०००चा. दिलेले ३८,००० अधिक ४१,०००, वजा मूळ करार ६२,०००. म्हणजे नुकसान १७,०००.

दुसरी चूक त्याहून महागात पडली. त्या कॉन्ट्रॅक्टरने मध्येच जामीनदार बदलला होता. बोर्डाच्या साइटवर लायसन्स नंबर टाकला की सध्याचा बाँड दिसतो. यांनी त्याच कंपनीला कागद पाठवले. जबाबदारी असते ती चूक घडली त्या दिवशी ज्याचा बाँड चालू होता त्याची. त्यासाठी त्याच पानावरचा जुन्या बाँडचा इतिहास उघडून लागू झाल्याच्या आणि रद्द झाल्याच्या तारखा बघाव्या लागतात. दोन महिने गेले. योग्य कंपनीकडे पोचेपर्यंत आणखी दोन घरमालकांचे दावे लागले होते, तिघांचे मिळून ५०,०००. कंपनीने २५,००० कोर्टात भरून टाकले आणि वाटणीत यांना ८,५०० मिळाले. दिलेले ३८,०००, हाती आले ८,५००.

तेही ते स्वतः त्या घरात राहत होते म्हणून. घर भाड्याने दिलेलं असतं, तर नियमभंग झाला एवढं पुरलं नसतं, तो जाणूनबुजून केला किंवा फसवणूक झाली, हे सिद्ध करावं लागलं असतं. आणि बाँडमधले ७,५००च्या वरचे पैसे घरमालकांसाठी राखीव असतात, बाकी सगळ्यांना मिळून जास्तीत जास्त ७,५००. त्यात मजुरांची थकलेली मजुरीही आली. आपल्याकडचे अनेक जण गुंतवणूक म्हणून दुसरं घर घेतात, त्यांनी हे मनात पक्कं ठेवावं.

‘कस्टम कॅबिनेटला कारखाना अर्धे पैसे आधी मागतो, १,०००मध्ये ऑर्डर कशी द्यायची?’ हा वाद गेली कित्येक वर्षं माझ्याशी ओळखीचे कॉन्ट्रॅक्टर घालतात. अडचण खरी आहे. पण ते भांडवल त्याने उभं करायचं, तुमच्याकडून बिनव्याजी घ्यायचं नाही. कायदा स्पष्ट आहे: झालेल्या कामाच्या आणि जागेवर आलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त हप्ता मागता येत नाही. कॅबिनेटं गॅरेजमध्ये उतरली, खोकी मोजली, मग त्यांचा चेक. करारात हप्ते तारखांनी लिहू नका, टप्प्यांनी लिहा: तोडफोड झाली, प्लंबिंग-वायरिंगची रफ तपासणी (भिंती बंद करण्याआधीची) पास झाली, कॅबिनेटं आली, ओट्याचा दगड बसला, फायनल सही झाली. आणि दर चेकच्या वेळी सबकॉन्ट्रॅक्टर आणि माल पुरवणाऱ्याकडून लीन, म्हणजे घरावर बोजा चढवण्याचा हक्क, सोडल्याचा कागद घ्या. ज्याने तुम्हाला २० दिवसांची प्रिलिमिनरी नोटीस, म्हणजे ‘तुमच्या घरात माझं काम किंवा माल लागतोय’ असं कळवणारा कागद, पाठवली, त्याचा तर नक्कीच. नाहीतर त्याचे पैसे थकले की तो तुमच्या घरावर बोजा चढवतो, तुम्ही मुख्य कॉन्ट्रॅक्टरला सगळे दिलेले असले तरी.

तुमचा दुसरा प्रश्न, राज्याकडचा बाँड पुरेसा आहे का: नाही. याच कामापुरता परफॉर्मन्स आणि पेमेंट बाँड, म्हणजे काम पूर्ण होईल आणि मजूर-मालवाल्यांचे पैसे चुकते होतील याची हमी, मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, पण त्याचा खर्च सहसा तुमच्यावरच येतो. लहान कॉन्ट्रॅक्टरला तो मिळेलच असंही नाही. टप्पे नीट बांधले तर साठ हजारांच्या किचनला मी त्यात पैसे घालणार नाही. दीड-दोन लाखांची वाढीव खोली असेल तर जरूर मागा.

एक अपवाद राहिला. ज्यांनी सगळ्या कामांसाठी मिळून परफॉर्मन्स-पेमेंट बाँड बोर्डाकडून मंजूर करून घेतलाय, त्यांना १,०००ची मर्यादा लागू नाही. तसं असेल तर बोर्डाच्या साइटवर त्याची नोंद दिसते. कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आणि बोर्डाकडे तक्रार केली म्हणजे बाँडवर दावा झाला असं नाही, जामीनदाराकडे तो वेगळा करावा लागतो. ज्या लायसन्स-मुदतीत चूक घडली ती संपल्यापासून २ वर्षांच्या आत कोर्टात जावं लागतं. तोपर्यंत वठलेल्या चेकच्या दोन्ही बाजूंच्या प्रती आणि तारखेसकट फोटो जपून ठेवा.