वाचकांचे प्रश्न : थंडीने फुटलेले बोटीचे इंजिन

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी आम्ही एकोणीस फुटी जुनी बोट घेतली. तिच्यात मर्क्रूझरचे ४.३ लिटरचे, कार्ब्युरेटर असलेले व्ही-६ पेट्रोल इंजिन आहे. इथला हिवाळा सौम्य असल्यामुळे इंजिनातले पाणी काढण्याचा खटाटोप आम्ही कधी केला नाही. थंडीची लाट येणार असे कळले की इंजिनाच्या कप्प्यात छोटा हीटर लावून ठेवत होतो. या जानेवारीत एका रात्री वीज गेली आणि ते आमच्या लक्षात सकाळी आले. मार्चमध्ये बागेचा पाइप जोडून इंजिन सुरू केले तेव्हा ते नेहमीसारखे चालले, पण पाचेक मिनिटांनी डाव्या मॅनिफोल्डखालून (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या भागाखालून) पाण्याची धार दिसली आणि डिपस्टिकवरचे ऑइल चहासारखे दुधाळ झालेले आढळले. एका वर्कशॉपने संपूर्ण इंजिन बदलण्याचे ९,००० डॉलर सांगितले आहेत. बोट विकली तर ११,००० डॉलरच्या आसपास येतील. एक मित्र म्हणतो की वीस डॉलरच्या इपॉक्सीने भेग बुजवा. आम्ही काय करावे?

उत्तर : दोन्ही सल्ले घाईचे आहेत, कारण ऑइलमध्ये पाणी नेमके कोणत्या वाटेने शिरले हे अजून कोणीच पाहिलेले नाही. तो शोध घेण्याआधी एक काम मात्र आजच करावे. दुधाळ ऑइल इंजिनात तसेच राहिले तर क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांवर गंज चढतो, आणि दुरुस्त होऊ शकला असता असा ब्लॉक (इंजिनाचे मुख्य धड) काही आठवड्यांत निकामी होतो. म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ते ऑइल ओढून काढावे, स्वस्त नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालावा, सर्व स्पार्क प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि इंजिन हाताने, पाना लावून, दोन-चार वेळा फिरवावे. प्लग न काढता स्टार्टर मारू नये; सिलेंडरमध्ये पाणी साचले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा.

आता मूळ कारण. या इंजिनात बहुतेक वेळा तलावाचेच पाणी थेट ब्लॉकमधून फिरते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि बीड (ओतीव लोखंड) ताणले जात नाही, ते तडकते. ब्लॉकच्या बाजूला ज्या गोल पातळ चकत्या असतात त्यांना सगळे फ्रीझ प्लग म्हणतात, त्यामुळे त्या आधी बाहेर पडून ब्लॉक वाचवतील असा समज रूढ झाला आहे. मुळात त्या ओतकामातील वाळू काढण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांची झाकणे आहेत. त्या कधी निसटतात, कधी निसटत नाहीत, आणि निसटल्या तरी शेजारी ब्लॉक तडकलेला असू शकतो. उबदार प्रदेशात हे नुकसान अधिक अनपेक्षितपणे होते, कारण मिशिगन किंवा मिनेसोटातील माणूस ऑक्टोबर उजाडताच पाणी काढून टाकतो, तर टेक्सासचा माणूस हीटरवर विसंबतो. फेब्रुवारी २०२१ च्या वादळात डॅलसचे तापमान उणे २ फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरले आणि त्याच वेळी लाखो घरांची वीज गेली. विजेवर चालणारा हीटर नेमका तेव्हाच बंद पडला.

आपल्या इंजिनाची दोन लक्षणे बहुधा दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेली आहेत. बाहेर दिसलेली धार ही ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला, मॅनिफोल्डच्या खाली आडव्या गेलेल्या तड्याची नेहमीची खूण आहे. त्या तड्यातून पाणी बोटीच्या तळात जाते; ऑइलमध्ये जाण्यासाठी त्याला दुसरी वाट लागते. ती वाट तीन-चार ठिकाणी असू शकते. इनटेक मॅनिफोल्ड (हवा आणि पेट्रोल आत नेणारा भाग) फुटलेला असेल, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून फुटून पाणी सिलेंडरमध्ये आणि तिथून पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली गेले असेल, तर ते सुटे भाग आहेत आणि बदलता येतात. हेड (सिलेंडरवरचे झाकण) तडकले असेल तरी तेही बदलता येते. परंतु इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, दोन्ही बाजूंच्या सिलेंडरांमधल्या खोलगट भागात, जिथे व्हॉल्व्ह उचलणारे लिफ्टर बसतात, तिथे ब्लॉक तडकला असेल तर प्रकरण वेगळे. गोठलेल्या ४.३ मध्ये ही जागा फार वेळा फुटलेली सापडते, आणि वरून पाहून ती कधीच दिसत नाही.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा. दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवून, त्यांची तोंडे बंद करून पाणी भरावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी पातळी उतरली असेल किंवा धूर जाण्याच्या मार्गात ओल असेल तर मॅनिफोल्ड गेला. मग इंजिनाचे पाण्याचे सर्व पाइप बंद करून, एका पाइपला दाबमापक आणि सायकलचा पंप जोडून, सुमारे १५ पौंड दाबाची हवा भरावी. बाहेरून साबणाचे पाणी लावले की तड्याच्या रेषेवर बुडबुडे येतात. त्याच वेळी ऑइल भरण्याचे झाकण काढून कान लावावा. आतून फुसफुस ऐकू आली तर हवा ऑइलच्या बाजूला शिरते आहे. शेवटी इनटेक मॅनिफोल्ड काढून त्या खोलगट भागात टॉर्च मारावा. हे काम शिकाऊ हातालाही एका शनिवार-रविवारात जमते आणि त्यात गॅस्केटच्या संचापलीकडे फारसा खर्च होत नाही.

तडा केवळ बाहेरच्या भिंतीला निघाला आणि ऑइलमधल्या पाण्याचे कारण एखाद्या सुट्या भागात सापडले, तर आपल्या मित्राचे म्हणणे अर्धे खरे ठरते. त्या भिंतीच्या आत पाण्याचा दाब फारच थोडा असतो, त्यामुळे पोलादी भुकटीचे इपॉक्सी तिथे अनेक वर्षे टिकल्याची उदाहरणे आहेत. मात्र रंगावर लेप थापून ते होत नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडून त्याची वाढ थांबवावी लागते, रेषा ग्राइंडरने इंग्रजी व्ही अक्षरासारखी उघडावी लागते, चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून अ‍ॅसिटोनने पुसावी लागते आणि मगच भरावी लागते. जास्त भरवशाचा उपाय म्हणजे टाके घालणे : तड्यावर ओळीने छिद्रे पाडून, आटे काढून, एकमेकांत अडकणाऱ्या पिना बसवतात. यात उष्णता लागत नाही. बोटीतच ठेवून बिडाचे वेल्डिंग करून देतो असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा. संपूर्ण ब्लॉक आधी तापवून आणि नंतर हळूहळू थंड करून केले नाही तर वेल्डिंगच्या शेजारीच नवा तडा जातो.

लिफ्टरच्या खोलगट भागातला किंवा सिलेंडरच्या भिंतीचा तडा निघाला तर मी ब्लॉकवर पैसे घालणार नाही. तरीसुद्धा त्याचा अर्थ संपूर्ण इंजिन बदलणे असा होत नाही. पुनर्निर्मित लाँग ब्लॉक, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, कॅमशाफ्ट आणि हेड एवढे तयार मिळते. आपला कार्ब्युरेटर, स्टार्टर, अल्टरनेटर आणि तपासून चांगले निघालेले मॅनिफोल्ड त्यावर चढवता येतात. ४.३ हे मूळचे जनरल मोटर्सचे इंजिन असून पिकअप ट्रकमध्येही तेच असे, म्हणून भंगारातून ट्रकचे इंजिन आणून बसवण्याची कल्पना कोणीतरी सुचवेलच. पण दोन्हींत फरक आहे : बोटीसाठीच्या इंजिनात फ्रीझ प्लग पितळेचे असतात, हेड गॅस्केट गंजाला टिकणारे असते आणि कॅमशाफ्टही ओल्या एक्झॉस्टला साजेसा असतो. याहून महत्त्वाचे म्हणजे ट्रकचा स्टार्टर, अल्टरनेटर किंवा कार्ब्युरेटर बोटीत कधीही लावू नये. बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ साचते, ठिणगी बाहेर पडू न देणारे भाग अमेरिकेत नियमाने बंधनकारक आहेत, आणि इथे पैसे वाचवणारे जिवाशी खेळतात. नवा ब्लॉक मागवताना जुन्या ब्लॉकवर मागच्या बाजूला, बेलहाउसिंगजवळ ओतलेला क्रमांक वाचून द्यावा. बॅलन्स शाफ्ट (थरथर कमी करणारा दांडा) असलेले आणि नसलेले, असे दोन्ही प्रकार याच ४.३ मध्ये आहेत.

इंजिन परत बसवताना बाहेरचा ड्राइव्ह (बोटीच्या मागचा, पंखा फिरवणारा भाग) उतरवावा लागतो आणि शेवटी एक लांब सळई मागून घालून रेषा जुळवावी लागते. ती दोन बोटांच्या जोराने आत सरकली पाहिजे. हातोडी घ्यावी लागत असेल तर पुढच्या पायांचे नट पुन्हा फिरवावे. आळस केला तर एका हंगामात कपलर (इंजिन आणि ड्राइव्ह यांना जोडणारा भाग) खराब होतो.

हिशेबाचे म्हणाल तर ११,००० च्या बोटीत ९,००० घालणे मला पटत नाही. वर्कशॉपकडून लाँग ब्लॉक आणि मजुरी यांचा वेगळा अंदाज लेखी मागावा. तो बोटीच्या किमतीच्या निम्म्याच्या आत आला आणि बोट अजून पाच-सहा वर्षे ठेवायची असली, तर करावे. नाहीतर इंजिनाची अवस्था स्पष्ट सांगून बोट आहे तशी विकावी. विमा असल्यास पॉलिसीत गोठण्याबद्दलचे कलम शोधावे. पुष्कळ पॉलिसींत हे नुकसान वगळलेले असते आणि ते वेगळे जोडून घ्यावे लागते. जोडलेले असेल तर इंजिन उघडण्यापूर्वी कंपनीला कळवून छायाचित्रे काढावीत.

प्रश्न (याच विषयावर, टोरांटोहून) : हिवाळ्याआधी बागेच्या पाइपऐवजी बादलीतून गुलाबी अँटीफ्रीझ (सहज न गोठणारे द्रव) इंजिनाला पाजले की पुरे, असे आमच्या धक्क्यावरचे लोक सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : अपुरे आहे. थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडणारी झडप) उघडण्याइतके इंजिन तापले नसेल तर ते द्रव ब्लॉकला वळसा घालून एक्झॉस्टमधून बाहेर पडते. मागून गुलाबी धार आलेली पाहून आपण निश्चिंत होतो आणि ब्लॉकमध्ये तलावाचेच पाणी राहते. शिवाय डब्यावरचा उणे ५० हा आकडा फॅरेनहाइटमधला आणि पाइप फुटू नये एवढ्यापुरता असतो, आणि राहिलेल्या पाण्यात मिसळून द्रव पातळ झाले की तोही लागू राहत नाही. आधी ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढावेत, फिरत्या पंपाचा खालचा मोठा पाइप सोडावा. प्लग काढल्यावर पाणी आले नाही तर आत पाणी नाही असे समजू नये. गंज आणि वाळूने तोंड बुजलेले असते. सायकलच्या चाकाची तार त्यात खुपसून फिरवली की एकदम गढूळ पाणी सुटते. ते थांबल्यावर प्लग लावून अँटीफ्रीझ वरच्या पाइपातून थेट ब्लॉकमध्ये ओतावे, किंवा प्लग काढलेलेच ठेवून ते एका पिशवीत घालून स्टिअरिंगला बांधावेत, म्हणजे वसंतात इंजिन सुरू करण्यापूर्वी ते नजरेला पडतील.