इंग्लंडमध्ये खेड्यातला जुना पब आणि वाफेची गाडी एकाच दिवसात बघायची असेल तर कुठे जावं? मुक्काम यॉर्कला आहे.

बेक होल. नॉर्थ यॉर्कशायरच्या मूर्समधली, म्हणजे झुडपी माळरानातली, ओढ्याकाठची मूठभर घरं आणि त्यातला बर्च हॉल इन. यॉर्कहून ८४० नंबरची कोस्टलाइनर बस धरून पिकरिंग, तिथून वाफेच्या गाडीने गोथलंड. फक्त गोथलंडच्या फलाटावर फोटो काढून माघारी फिरू नका. बहुतेक जण तेच करतात आणि वर ‘हेरिटेज रेल्वे पाहिली’ म्हणून सांगतात. त्या फलाटावरची लाइन १८६५ची, इथल्या हिशेबाने नवीच. जुनी लाइन गावातून खाली पबकडे उतरते आणि ती पायीच बघावी लागते.

जॉर्ज स्टीफन्सनने आखलेली व्हिटबी-पिकरिंग रेल्वे १८३६ साली पूर्ण सुरू झाली, तेव्हा डब्यांना घोडे जुंपत. बेक होल ते गोथलंड हा चढ मात्र घोड्यांच्या आवाक्याबाहेरचा. सुमारे १,५०० यार्डांचा उतार, १५ फुटांमागे १ फूट, म्हणजे ३०० फूट उंची. घर्षण सोडून दिलं तरी दर टनामागे ६७ किलोची ओढ. आपल्या बोरघाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे, तरी कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात.

म्हणून दोर. वरच्या टोकाला चाकांवरची टाकी पाण्याने भरायची. ती खाली उतरताना दोराच्या दुसऱ्या टोकाचे डबे वर येतात. तळाला पोचली की पाणी सोडून द्यायचं, म्हणजे पुढच्या खेपेला रिकामी टाकी हलकी होऊन वर ओढली जाते. पाणी कमी पडलं तर सगळं जागीच अडतं, जास्त झालं तर सगळा भार ब्रेकवर. पुढे घोड्यांच्या जागी वाफेची इंजिनं आली आणि उताराच्या माथ्यावर दोर ओढायला स्थिर वाफेचं इंजिन बसवलं, पण सगळं लटकलेलं दोरावरच. फेब्रुवारी १८६४मध्ये तो तुटला, डबे सुटले आणि दोन प्रवासी दगावले.

‘अपघात झाला म्हणून नवी लाइन बांधली’ हे वाक्य मी इतक्यांदा खोडलंय की आता कंटाळा येतो. नव्या लाइनची मंजुरी १८६१ची आहे. कारण रोजच्या कटकटीचं होतं: प्रत्येक गाडी उताराच्या तोंडाशी तोडा, दोराला लावा, पलीकडे दुसरं इंजिन जोडा. नव्या लाइनवर ४९ फुटांमागे १ फूट, टनामागे जेमतेम २० किलो. इंजिन गाडी घेऊन स्वतःच चढतं.

तर गोथलंडहून या जुन्या उतारावरून खाली या, उलट चढू नका. दीडेक किलोमीटरवर पब. आत दोन खोल्या, बिग बार आणि स्मॉल बार. ‘बिग’ हा शब्द फार मनावर घेऊ नका. मध्ये खाऊचं दुकान. ग्लास भिंतीतल्या खिडकीतून मिळतो. बेकवॉटर बिअर असली तर तीच मागा आणि ‘कोमट आहे’ म्हणून नाक मुरडू नका. हातपंपाने तळघरातून ओढलेली कास्क (पिंपातली) बिअर १२ अंशांच्या आसपासच द्यायची असते, जास्त गार केली की चव मरते. सोबत पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) किंवा बिअर केक.

पुढे त्याच जुन्या मार्गाने ग्रॉसमंटपर्यंत चाला, गोथलंडपासून एकूण साडेपाच किलोमीटर. चिखल असतो, साधे स्पोर्ट्स शूज नकोत. ग्रॉसमंटला स्टीफन्सनच्या काळातला, घोडागाड्यांसाठी खोदलेला बुटका बोगदा आहे. किल्ल्याच्या दरवाजासारखं तोंड, आणि आता त्यातून पायी इंजिन शेडकडे जाता येतं. शेजारच्या मोठ्या बोगद्यातून गाडी जाते.

हो, राहिलंच. हिवाळ्यात गाड्या फार कमी असतात, आणि उन्हाळा कोरडा गेला तर गवताला आग लागण्याच्या भीतीने वाफेऐवजी डिझेल लावतात. पबच्या वेळाही बदलतात, निघण्याआधी फोन करा.