'हरिश्चंद्राची फॅक्टरी' एवढा हलकाफुलका का केला असेल? आणि हा सिनेमा बनला कसा?

तुमचा प्रश्न असा आहे की दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा भारताचा पहिला चित्रपट काढायला विमा, बायकोचे दागिने, स्वतःचे डोळे सगळं पणाला लावलं, मग अशा माणसावर दिग्दर्शक परेश मोकाशींनी रडवणारा सिनेमा न करता हसवणारा का केला, आणि एवढ्या साध्या सिनेमाला पैसा कोणी दिला. मी हा सिनेमा 2010 मध्ये थेटरात पाहिला, नंतर घरी कितीदा पाहिला याचा हिशोब नाही, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

आधी पैशाचं सांगतो. मोकाशी नाटकवाले, 'मुक्काम पोस्ट बोंबिलवाडी' हे नाटक त्यांचंच. बापू वाटव्यांनी लिहिलेलं फाळक्यांचं चरित्र त्यांच्या वाचनात आलं आणि तिथून हा सिनेमा डोक्यात बसला. पण निर्माता काही मिळेना, जवळजवळ तीन वर्षं ते दारोदार फिरले. कोणाला ओळखीचा चेहरा हवा होता, कोणाला गाणी हवी होती, आणि त्यांना यातलं काहीच घालायचं नव्हतं. शेवटी घर गहाण टाकून पिक्चर केला, पहिलाच पिक्चर, आणि तोही 1911-12 सालची मुंबई उभी करायची असलेला! आज दोन पात्रं एका खोलीत बसवून कमी पैशात सिनेमा निघतो, पण इथे ट्राम, घोडागाड्या, चाळी, लंडन, जुने कॅमेरे, प्रत्येक माणसाच्या डोक्यावर पगडी नाहीतर टोपी. कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाईंनी तो काळ ज्या पद्धतीने उभा केलाय ते बघताना ही माणसं पैसे मोजून काम करतायत असं कुठेही जाणवत नाही.

आता विनोदाचं. खूप जणांना वाटतं की मोकाशींनी गंमत आणायला प्रसंग रचले, पण फाळक्यांची खरी हकीकतच तशी आहे हो. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, जाहिराती देऊन झाल्या, कोठीवरच्या बायकासुद्धा तयार होईनात, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलातला स्वयंपाकी सापडला, अण्णा साळुंके, त्याला तिथे दहा रुपये पगार होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि तो झाला भारतीय सिनेमाची पहिली नायिका. मिशी काढायची म्हणजे बाप मेल्यासारखं, म्हणून बायकांची कामं करणारे पुरुष मिशीला हात लावू देईनात. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नावं ठेवायचे म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगायचे, विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा. सिनेमाचं नाव तिथून आलंय. वांगणीला शूटिंगला गेले तर तलवारी-भाले बघून गावाला वाटलं दरोडेखोरच आले. यातलं काय रचायला लागतं सांगा? हे सगळं गंभीर चेहऱ्याने दाखवलं असतं तर उलट खोटं वाटलं असतं.

दुसरं म्हणजे फाळके स्वतः तसेच होते असं मला वाटतं. हा माणूस चित्रकला शिकलेला, फोटोग्राफी केलेली, छापखाना चालवलेला, आणि जादूचे प्रयोगसुद्धा करायचा, तेही प्रोफेसर केळफा या नावाने, म्हणजे फाळके उलटं करून केळफा! आता हा माणूस आतून किती मिश्कील असेल. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघितला आणि झपाटल्यासारखा रोज सिनेमा बघत सुटला, झोप नाही, डोळे एवढे बिघडले की काही काळ दिसेनासं झालं, उपचार झाले आणि बरा झाल्यावर परत तेच. 1912 च्या सुरुवातीला लंडनला गेला, तिथे ओळखपाळख काही नाही, 'बायस्कोप' साप्ताहिकाच्या ऑफिसात सरळ जाऊन संपादकाला भेटला, त्यांनी सेसिल हेपवर्थ या तिथल्या चित्रपट निर्मात्याच्या स्टुडिओत नेलं, तिथे शिकला आणि विल्यमसन कॅमेरा मागवून परत आला. फाळक्यांचं काम करणाऱ्या नंदू माधव यांनी हा झपाटलेपणा चालण्यात आणलाय, तो माणूस पूर्ण पिक्चरभर जवळजवळ पळतोच. दुःख करत बसायला त्याला वेळच नाही. मला तर हे सगळ्यात पटलं, कारण एखाद्या गोष्टीचा ध्यास लागलेली माणसं मी जवळून बघितलीत, बाहेरच्याला वाटतं केवढा त्याग करतोय, त्या माणसाला मात्र त्याग वगैरे काही जाणवत नसतं, मजा येत असते.

आणि मोकाशींनी सिनेमा कुठे थांबवलाय बघा. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, त्यानंतर 1914 मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तिथेच राहून काम करायला बोलावणं आलं, ते नाकारून परत आले. बस, साधारण इथवरच. पुढची पडझड, 1944 मध्ये नाशिकला जवळपास विस्मृतीत झालेला मृत्यू, यातलं काही घेतलं नाही. काहींना ही पळवाट वाटते, मला अजिबात वाटत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसावर सिनेमा म्हणजे जन्मापासून चितेपर्यंत हवाच असा हट्ट असतो, त्या नादात ज्या दोन-तीन वर्षांत तो मोठा झाला ती अर्ध्या तासात उरकतात.

तुमचा आक्षेप मला एका जागी मात्र थोडा पटतो, फाळक्यांच्या बायकोच्या, सरस्वतीबाईंच्या बाबतीत. विभावरी देशपांडेंनी काम फार गोड केलंय, नवऱ्याच्या वेडात हसत सामील होणारी बाई. पण खऱ्या सरस्वतीबाई दिवसभर एवढ्या माणसांचा स्वयंपाक करून रात्री अंधारात कच्च्या फिल्मला छिद्रं पाडत बसायच्या, फिल्म धुवायला मदत करायच्या, आणि त्यांचा थकवा पडद्यावर फारसा येत नाही. तो एखाद्या प्रसंगात तरी दिसायला हवा होता.

लोकांनी कसा घेतला? सगळीकडे रिलीज व्हायच्या आधीच, 2009 च्या सप्टेंबरमध्ये, भारताकडून ऑस्करला निवडला गेला, 'श्वास' नंतर असा मान मिळालेला दुसराच मराठी सिनेमा. शेवटच्या पाचात नाही आला. 2008 सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही यालाच. मग यूटीव्ही ही कंपनी वितरणाला आली आणि 29 जानेवारी 2010 ला नीट प्रदर्शित झाला. तो महिना आठवत असेल तर बघा, 1 तारखेला 'नटरंग' आला होता आणि त्याची गाणी गल्लोगल्ली वाजत होती, 15 ला 'शिक्षणाच्या आयचा घो', आणि त्या गर्दीत हा गाण्याशिवायचा, स्टार नसलेला पिक्चर. तरी आमच्या शोला बरेच आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आलेले, पोरं साडीतल्या मिशाळ पुरुषांना हसत होती आणि माझे वडील, जे थेटरात कधी बोलत नाहीत, ते मध्येच म्हणाले, "अरे हा माणूस घरातलं कपाटसुद्धा विकणार आता." हसतच म्हणाले, पण मी बघितलं तर डोळे पुसत होते.

बघितला नसेल तर जरूर बघा, दीड तासाच्या आसपासचा आहे. आणि कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवा, बऱ्याचदा एका जागी उभा राहून नाटक बघितल्यासारखा बघतो, फाळक्यांच्या काळच्या मूकपटांसारखा. पहिल्यांदा बघताना मला हे समजलं नव्हतं, दुसऱ्या वेळी समजलं.