पाचवीचा भाषेचा पेपर : मूल उताऱ्यात नाही, प्रश्नात अडखळतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग, ३१ मुलं. शिष्यवृत्तीला सहा आठवडे, वार्षिक परीक्षेला तीनेक महिने. मुलं उतारा घडाघडा वाचतात, पण उत्तर म्हणून भलतंच वाक्य उतरवून ठेवतात आणि निबंध चार ओळींत आटोपतात. तेव्हा रोज एक सराव पत्रिका सोडवून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

नको. मी तेच करून बसलोय, म्हणून सांगतो. एका वर्षी सराव पत्रिकांचा हा एवढा गठ्ठा झेरॉक्स करून आणला आणि रोज एक पत्रिका घेतली. पालक खूश, मुख्याध्यापक खूश. महिन्याभराने वर्गातल्या एका चलाख पोराने गुपित फोडलं : "गुरजी, उतारा वाचाची गरजच नाई. प्रश्नातला शब्द उताऱ्यात पाहाचा अन् थे वाक्य लिहून टाकाचं." आमचा भाग वऱ्हाडाचा, तेव्हा भाषा तशीच ठेवतो. पोरगं खरं बोललं होतं. मी महिनाभर मुलांना न वाचता गुण कसे मिळवायचे याचा सराव दिला होता, आणि तो सरळ प्रश्नांपुरताच चालणार होता.

त्यानंतर मी एक छोटा उतारा स्वतःच लिहिला. तो अजून वापरतो, तुम्हीही वापरा :

"सुगरणीची घरटी विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या फांद्यांना लोंबत असतात. घरटं नर विणतो. ते अर्धं झालं की मादी येऊन पाहते. तिला पसंत पडलं तर नर ते पूर्ण करतो. नाही तर तो ते तसंच सोडून दुसरं विणायला घेतो."

प्रश्न : विहिरीजवळ काही अर्धवट घरटी का दिसतात?

पहिल्यांदा दिला तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी उताऱ्यातलं पहिलं वाक्य उतरवलं, कारण 'विहीर' तिथे होती. खरं उत्तर शेवटच्या तीन वाक्यांत विखुरलेलं आहे आणि 'अर्धवट' हा शब्द उताऱ्यात नाहीच. मुलांना उताऱ्यातला एकही शब्द अवघड नव्हता. 'का' या एका अक्षराकडे कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच. (नाव सुगरण आणि विणणारा नर, यावर वर्गात दहा मिनिटं भांडण झालं. होऊ द्यावं. त्या भांडणात उतारा चार वेळा वाचून होतो.)

म्हणून एकच उतारा चार दिवस पुरवायचा. पहिल्या दिवशी नुसता वाचायचा आणि त्यावर बोलायचं. दुसऱ्या दिवशी उत्तरं लिहायचीच नाहीत, फक्त प्रश्न उलगडायचे. विचारणाऱ्या शब्दाखाली रेघ मारायची : का, कसे, केव्हा, कोणाला, 'तुमच्या शब्दांत'. मग उत्तराची सुरुवात कशी होईल ते तोंडी सांगायचं. 'का' आलं की उत्तरात 'कारण' किंवा 'म्हणून' यायलाच हवं. शिवाय प्रश्न कोणत्या जातीचा तेही मुलांनीच ठरवायचं. आमच्या वर्गात त्याला नावं होती : 'बोट ठेव', 'ओळी जोड' आणि 'डोकं चालव'. बोट ठेव म्हणजे उत्तर एका जागी सापडतं. ओळी जोड म्हणजे वरच्यासारखं. डोकं चालव म्हणजे उताऱ्यात नाही, पण उताऱ्यावरून सांगता येतं. तिसऱ्या दिवशी उत्तरं लिहायची. चौथ्या दिवशी मुलांनी त्याच उताऱ्यावर स्वतः प्रश्न काढून शेजारच्याला द्यायचे. सुरुवातीला सगळे 'बोट ठेव'च काढतात. ज्या दिवशी एखादी मुलगी फसवा 'ओळी जोड' प्रश्न काढून शेजारणीला गंडवते, त्या दिवसापासून ती स्वतः त्यात सहसा फसत नाही.

शिष्यवृत्तीचं थोडं वेगळं. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे २५ प्रश्न आणि गणिताचे ५०, मिळून ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा येत नाही. इथे मुलं 'उताऱ्यात न आलेला', 'अयोग्य पर्याय', 'गटात न बसणारा' अशा नकारी शब्दांवर घसरतात. पहिला बरोबर वाटणारा पर्याय दिसला की गोल काळा करून मोकळी! त्या नकारी शब्दाभोवती पेन्सिलीने चौकट करायची सवय लावा. उत्तरपत्रिकेचे गोल रंगवायचा सराव मात्र शेवटच्या दोन आठवड्यांत घ्या, कारण एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरं सरकतात.

हे सुरू करण्याआधी एक दिवस काढून प्रत्येक मुलाला एकेकट्याने वाचायला लावा. 'असर' म्हणजे खेड्यांतल्या मुलांचं वाचन-गणित तपासणारी देशभरची पाहणी. तिच्यात अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. तसाच एक कागद तयार करा. तुम्ही म्हणता सगळे घडाघडा वाचतात, पण ३१ जण एका सुरात वाचतात तेव्हा पाचसहा जण नुसते ओठ हलवत असतात. ती मुलं गोष्टीपर्यंत पोचत नसतील तर त्यांना उताऱ्यावरचे प्रश्न देऊन काय उपयोग? त्यांना रोज वीस मिनिटं वेगळं बसवा आणि सोप्या गोष्टी मोठ्याने वाचून घ्या. पाचवीला आता वार्षिक परीक्षेत अडकण्याची वेळ येऊ शकते, आधी पुनर्परीक्षा आणि तीही नाही जमली तर पुन्हा पाचवी. सगळ्यात जास्त धोका याच मुलांना आहे.

आता निबंध. माझ्या वर्गातला एक मुलगा 'माझा आवडता प्राणी' या विषयावर लिहायचा : "गाय हा पाळीव प्राणी आहे. गायीला चार पाय असतात. गाय दूध देते. मला गाय आवडते." संपलं. हाच मुलगा मधल्या सुट्टीत हातवारे करून सांगत होता : "आमचा गोऱ्हा सुटला अन् थो पऱ्हाटीत घुसला. मायनं आवाज देला. मंग आबानं त्याले शेपटीले धरलं त आबाच पडला!" मी त्याला फळ्यापाशी उभं करून तेच पुन्हा सांगायला लावलं आणि तो बोलला तसं फळ्यावर उतरवलं. मग सगळ्या वर्गाने मिळून ते पुस्तकी भाषेत केलं. 'थो'चं 'तो' झालं, 'देला'चं 'दिला' झालं. 'पऱ्हाटी' मात्र मी राहू दिली, 'कपाशी' केली नाही. तो शब्द त्याच्या शेतातला आहे आणि बरोबर आहे.

तेव्हापासून नियम केला : जे तोंडाने सांगितलं नाही ते लिहायचं नाही. जोडीने बसायचं, एकाने सांगायचं, दुसऱ्याने "मग?" आणि "कोण म्हणालं?" एवढंच विचारायचं. त्यानंतर वही उघडायची. चारच्या बारा ओळी होतात, आणि त्या बारांत गायीचे चार पाय येत नाहीत. पाठ केलेले निबंध बंद करा. तपासणाऱ्याला पहिल्या ओळीतच ते कळतात. पत्राचा मायना, तारीख, पत्ता कुठे लिहायचा हे पाठच करावं लागतं, त्यात वाद नाही.

शुद्धलेखनासाठी सगळी वही लाल करू नका, मुलं मग लिहिणंच कमी करतात. दोन नियम घट्ट करा. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ : पाणी, वही, खडू ('आणि'सारखे थोडे अपवाद). दुसरा, शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ इकार-उकार प्रत्यय लागला की बहुधा ऱ्हस्व होतो : फूल पण फुलाला, मूल पण मुलाने, जमीन पण जमिनीवर. या दोन नियमांनीच माझ्या वर्गातल्या बऱ्याच चुका गेल्या.

तोंडी परीक्षेचे दहा गुण विसरू नका. लाजरी मुलं ते फुकट घालवतात, म्हणून रोज हजेरीनंतर दोघांना मिनिटभर बोलायला उभं करा.

आणि पेपरच्या शेवटच्या पाच मिनिटांची सवय आत्तापासून लावा. पेन खाली ठेवायचं, आपलंच उत्तर शब्दाखाली बोट धरून, ओठ हलवत पण आवाज न करता वाचायचं. गाळलेला शब्द, राहिलेला अनुस्वार, अर्धवट सोडलेलं वाक्य नुसत्या नजरेला दिसत नाही, तिथे जीभच अडखळते. पहिल्या आठवड्यात मुलं हसतील, चालेल. कशी सुरुवात झाली ते इथेच कळवा, आणि त्या सुगरणीच्या प्रश्नाला किती जणांनी विहिरीचं वाक्य उतरवलं तेही.