बाँडची पोस्टिंग आदिवासी भागात आली आहे. जाण्याआधी काय शिकून घेऊ?

एमबीबीएसनंतरचं माझं बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष मेळघाटात गेलं, धारणी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. मुदत संपल्यावर आणखी दोन वर्षं थांबले. त्यावरून सांगते, औषधांचे डोस पुस्तकात सापडतील. तुम्ही आधी विचारायचं कसं ते शिका, आणि तेही तिथल्या भाषेत.

पहिल्याच पावसाळ्यात एक कोरकू आई तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली. पोटावर चटक्यांचे काळे डाग. तिकडे याला डंबा म्हणतात. बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने चटके देतात. मी तिच्यावर भडकले. ती औषध घेऊन मुकाट्याने निघून गेली. आठवड्याने बाळाला धाप लागली, तेव्हा तिने भुमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्याला, दाखवलं, मला नाही.

"मॅडम, तुम्ही रागावल्या ना, म्हणून नाही आली ते," आशाताई म्हणाल्या. त्याच तिच्या घरी गेल्या, बाळाचे श्वास मोजले. मिनिटाला ६८. त्या वयात ५० किंवा जास्त भरले की न्यूमोनिया धरून चालायचं. त्यांनी दोघांना केंद्रात आणलं, म्हणून बाळ वाचलं. तो डाग म्हणजे आईने दिलेली आजाराची हिस्टरीच होती. पोट का फुगलं होतं, हे मी विचारलंच नव्हतं.

म्हणून आशाताईंना हाताखालचं माणूस समजू नका, त्यांच्याकडून शिका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला आणि उपचार करायला शिकवलं. ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. शोधग्राम या संस्थेच्या वसाहतीतला दवाखानाही त्यांनी लोकांना विचारून, झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला.

गावाचं वर्षही समजून घ्या. मेळघाटातली बरीच घरं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. लसीकरण, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, गरोदर बायकांची नोंद, सगळं त्या हिशेबाने लावावं लागतं.

कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं, आधी कुणाला दाखवलं, हे चार प्रश्न तिथल्या भाषेत पहिल्याच आठवड्यात पाठ करा. चौथा विचारताना आवाज अगदी साधा ठेवा. भुमकाकडे जाऊन आलेली आई खरं सांगणार की नाही, ते तिथेच ठरतं.