‘कांद्यातल्या पदार्थावर रिसर्च करून पोट भरतं का?’

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलीला एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये क्वेर्सेटिन, म्हणजे कांद्यात असतं ते, श्वासनलिकेच्या स्नायूपेशींवर टाकून त्यांची वाढ थांबते का ते बघायचंय, आणि तुम्हाला वाटतंय कांद्यावर रिसर्च करून पोट भरतं का. काळजी बरोबर आहे, फक्त तिचा विषय कांदा नाहीये हो, स्नायू आहे.

जुनाट दम्यात नळ्यांभोवतीचा स्नायू जाड होत जातो, पेशी संख्येने वाढतात आणि फुगतातही. इनहेलरमधल्या सॅल्ब्युटामॉल या औषधाने आवळलेला स्नायू सैल होतो, स्टेरॉइडने सूज उतरते, पण वाढलेला स्नायू काही तेवढ्याने पूर्ववत होत नाही. म्हणून वाढच रोखता येईल का हे लोक शोधतायत. आणि वनस्पती म्हटलं की लगेच आजीबाईचा बटवा आठवू नका, दम्याच्या इनहेलरमधलं इप्राट्रोपियम हे अ‍ॅट्रोपिनपासूनच आलंय, आणि अ‍ॅट्रोपिन धोत्र्यात असतं.

आता रोजचं काम कसं असतं ते सांगते, कारण खरा निर्णय तिथेच होतो. 37 डिग्री, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड, पेशी वाढतात गुलाबी मीडियात, म्हणजे त्यांच्या पातळ खाद्यात, तो पिवळा पडला की रविवार असला तरी जाऊन बदलायचा. मी दोन वर्षं हे केलंय, एकदा सोमवारी सकाळी फ्लास्क उघडून बघते तर सगळं गढूळ, बॅक्टेरिया, महिन्याचं काम सिंकमध्ये. मी नंतर ते सोडलं. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी मात्र त्याच दुपारी नवीन फ्लास्क लावून बसली होती!

प्रयोगात पेशींना आधी दिवसभर सीरमशिवाय, म्हणजे रक्तातल्या पोषक द्रवाशिवाय, उपाशी ठेवायचं, मग वाढवणारं प्रोटीन द्यायचं, सोबत क्वेर्सेटिन वेगवेगळ्या डोसमध्ये, शेवटी एमटीटी टेस्ट, म्हणजे असा पिवळा रंग जो जिवंत पेशी जांभळा करतात. जांभळं कमी आलं की पोरं खूश होतात, पण वाढ थांबली की पेशी मेल्या? विष टाकलं तरी जांभळं कमीच येणार. वर क्वेर्सेटिन इतकं बेरकी की पेशी नसतानाही तो रंग थोडाफार जांभळा करतं. त्यामुळे पेशी मोजायच्या, मेलेल्या वेगळ्या तपासायच्या. आणि प्लेटमध्ये जमलं म्हणजे कांदा खाऊन दमा जाईल असं अजिबात नाही, पोटातून ते रक्तात थोडंच पोचतं आणि तेही बरंचसं बदललेल्या रूपात.

नोकरीचं म्हणाल तर कंपनी कांदा बघत नाही, हात बघते. सेल कल्चर (म्हणजे हेच पेशी वाढवणं), फ्लो सायटोमेट्री (लेसरने एकेक पेशी तपासणं), औषधाची विषारीपणाची टेस्टिंग हे औषधांच्या आणि लसींच्या कंपन्यांत लागतंच. स्वतःचा रिसर्च चालवायचा असेल तर मात्र पीएचडीशिवाय भागत नाही, ती वर्षं घरच्यांनीही धरून चालावं.

अ‍ॅडमिशनआधी तिला महिनाभर एखाद्या कल्चर लॅबमध्ये बसू द्या. परत आली की पगाराचं नका विचारू, एवढंच विचारा, क्वेर्सेटिन ज्यात विरघळवतेस ते डीएमएसओ नावाचं द्रावक नुसतंच, तुलनेसाठी, टाकलेल्या पेशींचं काय झालं गं? ती कंटाळून खांदे उडवते की कागद घेऊन समजवायला बसते ते बघा, आणि मला कळवा.