व्हॅटिकनमधले कानोव्हाचे दोन मुष्टियोद्धे ही ग्रीक मूर्तींची नक्कलच ना? मग त्यांचं एवढं कौतुक का?

नक्कल करायची तर मूळ मूर्ती समोर हवी, आणि इथे ती कधीचीच नाहीशी झालेली. आन्तोनियो कानोव्हा या इटालियन शिल्पकाराच्या हाताशी होती ती पौसानियास या ग्रीक प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहून ठेवलेली हकीकत.

प्राचीन ग्रीसमधल्या नेमियाच्या क्रीडास्पर्धेत एपिदाम्नसचा क्रेउगास आणि सिराक्यूजचा दामोक्सेनोस यांची लढत संध्याकाळ झाली तरी निकाली निघेना. मग साक्षीदारांसमोर ठरलं, दोघांनी एकमेकांचा एकेक ठोसा सोसायचा. क्रेउगासने डोक्यावर ठोसा हाणला. मग दामोक्सेनोसने त्याला हात वर करायला सांगितलं, आणि त्याने तो केला. त्या काळी हाताला गुंडाळायच्या चामड्याच्या पट्ट्या बोटं मोकळी ठेवत. दामोक्सेनोसने तीच बोटं ताठ करून बरगड्यांखाली खुपसली आणि कोथळा बाहेर काढला. क्रेउगास जागीच गेला. एका ठोशाचा करार मोडून अनेक वार केले असं धरून, स्पर्धा भरवणाऱ्या आर्गोस शहराच्या लोकांनी दामोक्सेनोसला हाकललं आणि मेलेल्या क्रेउगासला विजेता ठरवलं. त्याचा पुतळा आर्गोसला अपोलोच्या देवळात होता.

म्हणजे ग्रीकांनी पुतळा उभारला तो विजेत्याचा. कानोव्हाने दोघांनाही घडवलं, वेगवेगळ्या संगमरवरात, आणि क्षण निवडला तो वार होण्याआधीचा. माझ्या मते खरी करामत इथे आहे. रक्ताचा थेंब नाही. क्रेउगासचा हात डोक्यावर गेलेला, त्यामुळे कूस उघडी पडलेली. दामोक्सेनोसच्या हाताकडे बघा: मूठ वळलेलीच नाही, बोटं सरळ. मुष्टियोद्ध्याची अशी सरळ बोटं बघून पोटात गोळा येतो.

विंकेलमान या जर्मन कला-इतिहासकाराने १७५५ मध्ये ग्रीक कलेचं मर्म सांगितलं होतं, उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता, आणि नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणाऱ्या शिल्पकारांनी ते प्रमाण मानलं. १८०१ मध्ये पुरा झालेला क्रेउगास त्या मापात बसतो. १८०६ चा दामोक्सेनोस मात्र बसत नाही: कपाळाला आठ्या, बैलासारखी मान, डोळ्यांत खुन्नस. शांत चेहरा कानोव्हाने शब्द पाळणाऱ्यालाच दिला, असं मला वाटतं. नक्कल करणारा असा भेद कशाला करेल?

हे दोघे उभे आहेत ती जागाही महत्त्वाची. १७९७ मध्ये पोप आणि फ्रेंच यांच्यात झालेल्या तोलेन्तिनोच्या तहानंतर फ्रेंचांनी व्हॅटिकनच्या अष्टकोनी चौकातल्या अपोलो आणि लाओकून या प्राचीन मूर्ती पॅरिसला नेल्या. रिकाम्या झालेल्या त्या चौकासाठी सातव्या पायस पोपने कानोव्हाचा पर्सियस (ग्रीक पुराणातल्या वीराचा पुतळा) आणि हे मुष्टियोद्धे घेतले. पुढे १८१५ मध्ये नेलेल्या मूर्ती परत आणायला पॅरिसला गेला तो कानोव्हाच. आज जुने आणि नवे त्याच अष्टकोनी चौकात आहेत, तेव्हा आधी लाओकून बघून मग इकडे वळा.

आणि फोटोंवर जाऊ नका. बहुतेक फोटोंत दोघांपैकी एकच असतो, आणि मग वर गेलेला तो हात कोणाच्या सांगण्यावरून गेलाय हेच कळत नाही.